गाडीवर पडणारा चिकटा आणि आपल्या वर्षावृक्षांचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मे महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय नेहमीचेच. पाण्याची टाकी, लिफ्टचं कंत्राट, पार्किंग. चौथ्या नंबरचा विषय होता : 'गेटजवळील धोकादायक झाड काढण्याबाबत अर्ज करणे.' झाड म्हणजे वर्षावृक्ष. रेन ट्री म्हणतात तो. आम्ही राहायला आलो तेव्हापासून अर्ध्या रस्त्यावर छत्री धरून उभा आहे. तक्रार अशी की गाड्यांवर चिकट पाणी पडतं, काच पुसून पुसून हात दुखतात, खालच्या फरश्या काळ्या पडल्यात. शिवाय दोन मोठ्या फांद्या वाळल्यात, पावसात कुणाच्या डोक्यात पडल्या म्हणजे? दहा मिनिटांत सगळ्यांचे हात वर गेले. खोटं कशाला सांगू, माझाही हात अर्धा वर गेला होता.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरचे एक काका उठले. तासगावकडचे, गावी द्राक्षबाग. त्यांनी एवढंच विचारलं, "झाड चिकट पाणी कशाला टाकेल? वर काय आहे ते बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने शिडी लावून खालची एक डहाळी तोडून आणली. डहाळीच्या बेचक्यांत पांढरा कापूस भरल्यासारखं काहीतरी होतं. काकांनी नखाने खरवडलं तर आतून गुलाबीसर चिकट पाणी आलं. "अहो, हा तर आमचा मिलीबग," काका म्हणाले. "बागेत आला की आमची झोप जाते. तुम्ही याच्यासाठी झाड तोडताय?"

त्या दिवसापासून मी या विषयामागे लागलो. आपला धंदाच मागे लागण्याचा. शोधता शोधता समजलं की ही नुसती आमच्या गेटवरच्या झाडाची भानगड नाही. तिला मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या शहराचाही हात आहे. तोच आज सांगतो.

परदेशी पाहुणा, इथला सावलीवाला

वर्षावृक्ष आपला नाही. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. शिरीषाच्या नात्यातला, म्हणून काही जण त्याला विलायती शिरीषही म्हणतात. 1800 साली हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी व्हेनेझुएलात फिरत असताना तिथला एक प्रचंड वर्षावृक्ष पाहून थक्क झाला होता. ते झाड पुढे त्या देशात तीर्थासारखं झालं. इंग्रजांच्या काळात, 19व्या शतकात, ही झाडं श्रीलंका, ब्रह्मदेश, भारत अशी आशियाभर आली. रस्त्याच्या दुतर्फा लावायला यापेक्षा सोयीचं झाड त्यांना मिळेना. भराभर वाढतं, आडवं पसरतं, सावली दाट देतं. याच्या गोडसर शेंगा गुरंही आवडीने खातात.

आता नावाची गंमत ऐका. याला 'पाऊस पाडणारं झाड' का म्हणतात? एक कारण सगळे सांगतात की संध्याकाळी आणि ढगाळ हवेत याची पानं मिटतात, त्यामुळे पावसाचं पाणी थेट खाली जमिनीवर पोचतं. पण दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. 1855 च्या सुमारास रिचर्ड स्प्रूस नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पेरू देशात हिंडत होता. तिथले लोक एका झाडाला पावसाचं झाड म्हणत, कारण आभाळ स्वच्छ असतानाही त्याच्याखाली बारीक तुषार पडत. स्प्रूसने वर नीट पाहिलं तर फांद्यांवर रस शोषणारे कीटक बसलेले. खाली पडत होता तो पाऊस म्हणजे त्या कीटकांनी टाकलेला रस होता.

म्हणजे 170 वर्षांपूर्वी त्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि आम्ही आख्खी सोसायटी मान खाली घालून गाडीची काच पुसत बसलो.

एका वयाचं, एका जातीचं शहर

आता आपल्या गावाकडे येऊ.

1965 मध्ये 'मार्ग' या मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र. भाताची खाचरं, मिठागरं, खाजणं. ती जमीन कशी गेली आणि दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र कसे लढले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात पाच जण कसे हुतात्मे झाले, हे आपल्या इथल्या वाचकांना मी सांगायला नको. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

इथे मला झाडांपुरतं बोलायचंय. त्या 95 गावांत झाडं होतीच. गावदेवीपुढचा वड, तळ्याकाठचा पिंपळ, बांधावरची भेंडी, कुंपणाचा पांगारा, आंबा, चिंच, ताड. एका गावात दहा जाती आणि प्रत्येकीचं वय वेगळं. कुणी पणजोबाने लावलेलं, कुणी कावळ्याने. वडाला पार बांधायचा तर दगडमातीचा, मुळं मोकळी सोडून. ही झाडं कुणा एकाची नव्हती आणि सगळ्यांची होती. झाडावर काही आलं, पान गळायला लागलं, की पारावर बसलेल्या दहा जणांना ते दिसायचं.

नव्या शहराला मात्र घाई होती. भराव टाकलेल्या उजाड जमिनीवर सावली लवकर हवी होती. मग जी झाडं लवकर वाढतात ती रांगेने लागली. वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. त्या वेळी ते बरोबरच वाटलं असणार, आणि वाशी, नेरूळ, बेलापूरच्या जुन्या सेक्टरांत आज भर मे महिन्यात आपण ज्या सावलीतून चालतो ती सावली त्याच निर्णयाची आहे. पण त्या निर्णयात एक कर्जही दडलेलं होतं. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं, फांदीला फांदी लागलेली. शेतकऱ्याला विचारा, अशा रचनेला तो काय म्हणतो. तो म्हणेल, हे तर एकच पीक झालं. आणि एक पीक म्हटलं की एक कीड त्याची वाट बघतच असते.

मुंबईने हे आपल्या आधी भोगलं. 2010 नंतरच्या दशकात पश्चिम उपनगरांतल्या रस्त्यांवरचे जुने वर्षावृक्ष एकामागोमाग सुकायला लागले. पिठ्या ढेकूण, म्हणजे हाच मिलीबग, हे नाव तेव्हा शहरातल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. नागरिक रस्त्यावर उतरले, मेलेल्या झाडांची मोजदाद झाली, फवारणीवरून वाद झाले. खाडीपलीकडच्या आपण ती बातमी वाचली आणि पान उलटलं. मीही त्यातलाच.

किडी येतात कशा, आणि आल्यावर काय होतं

बाहेरून आलेल्या किडीची गोष्ट दरवेळी जवळपास सारखी असते. कीड आपल्या मूळ देशात असते तेव्हा तिला खाणारेही तिथेच असतात. भुंगेरे, बारीक गांधीलमाश्या, बुरशी. त्यामुळे ती आवाक्यात राहते. मग एखाद्या रोपावरून, फळावरून, लाकडी खोक्यातून ती समुद्र ओलांडते. तिचे शत्रू मात्र तिकडेच राहतात. इकडे मोकळं रान.

आपल्या देशातली चार उदाहरणं सांगतो.

पहिलं 1795 चं. लाल रंग देणारा कोचिनील किडा हवा म्हणून कंपनी सरकारच्या काळात ब्राझीलहून किडे आणले. किडा निघाला वेगळाच. रंग काही नीट मिळाला नाही, पण त्या किड्याने इथे माजलेल्या निवडुंगाची एक जात मैलोनमैल साफ केली. मिलीबगच्याच कुळाजवळचा हा किडा. निवडुंग गेला म्हणून कुणी रडलं नाही. पण बोटाच्या पेरापेक्षा लहान किडा एखाद्या वनस्पतीचं काय करू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरं 1928 चं. ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेली एक खवलेकीड निलगिरी पर्वतावर उटीत सापडली. हिने आधी कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा जवळपास बुडवल्या होत्या. तिथे 1888 मध्ये आल्बर्ट कोबेले नावाच्या माणसाला थेट ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं, की ही कीड तिच्या माहेरी कोण खातं ते शोधून आण. तो एक लहानसा लाल-काळा भुंगेरा घेऊन आला आणि वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. उटीतही तोच भुंगेरा मागवला गेला.

तिसरं उदाहरण आमच्या पिढीला आठवत असेल. सुबाभूळ. ऐंशीच्या दशकात सुबाभूळ म्हणजे कल्पवृक्ष होता. चारा, सरपण, हिरवळ, सगळं एकात. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बायफ'ने त्याचा मोठा प्रसार केला. सामाजिक वनीकरणाच्या प्रत्येक फोटोत सुबाभूळ. आणि 1988 मध्ये एक बारीक उडी मारणारा किडा आला, सायला म्हणतात तो. मूळचा अमेरिका खंडातला. 1984 मध्ये हवाईत, मग फिलिपाईन्स, मग बेट बेट करत भारतात. कोवळे शेंडे करपायला लागले. तेव्हाही थायलंडहून एक निळसर भुंगेरा आणून सोडला गेला.

चौथं ताजं आहे. 2008 मध्ये कोईमतूरला पपईवर मेक्सिकोकडचा एक मिलीबग सापडला. पपई, तुती, साबुदाण्याचा कंद, जास्वंद, जे समोर येईल ते. पुढे तो महाराष्ट्रातही पोचला. शेतकऱ्यांनी औषधं मारून मारून खिसा रिकामा केला, कीड हलेना. 2010 मध्ये बंगळूरच्या कृषी कीटक संस्थेने पोर्तो रिको बेटावरून तीन जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणवल्या. सुईच्या टोकाएवढ्या. माणसाला चावत नाहीत, डंख नाही. त्या मिलीबगच्या अंगात अंडं घालतात आणि पिल्लू त्याला आतून खातं. काही महिन्यांत चित्र पालटलं. ज्या किडीने कोट्यवधींचं नुकसान केलं ती आज बहुतेक ठिकाणी शोधावी लागते.

या गोष्टींतून मला जे दिसलं ते सरळ आहे. बाहेरून आलेली कीड नुसत्या औषधाने हरलेली नाही. तिला आवरलं ते तिच्या शत्रूने. आणि तो शत्रू वेळेवर आणता आला, कारण कीड कोणती हे आधी कुणीतरी नीट पाहिलं, ओळखलं, नाव दिलं.

फवारणी का पुरत नाही

'पाण्याच्या टँकरने औषध मारा ना,' असं मीटिंगमध्येही कुणीतरी म्हणालंच. तासगावच्या काकांनी त्याचं उत्तर दिलं, ते त्यांच्याच शब्दांत थोडक्यात सांगतो.

मिलीबगच्या अंगावर मेणाचा थर असतो. पीठ दिसतं ते मेण. औषधाचा थेंब त्यावरून ओघळून जातो. मादीला पंख नसतात, ती जागेवर बसून कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. पिल्लं रांगती असतात. वारा, पक्षी, आपले कपडे, छाटलेल्या फांद्यांचा टेम्पो, कशावरही बसून पुढच्या झाडावर जातात. वर यांना मुंग्यांची पोलीस-सुरक्षा. मिलीबग गोड रस टाकतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याला खायला आलेल्या भुंगेऱ्यांना हाकलतात. खाली पडलेल्या गोड रसावर काळी बुरशी धरते. बागायतदार तिला कोळशी म्हणतात. आमच्या फरश्या काळ्या झाल्या त्या त्यामुळे.

आता चार मजली झाडाच्या शेंड्यापर्यंत विषारी फवारा मारायचा म्हणजे तो खालच्या बाल्कनीत, पाळण्यातल्या बाळावर, भाजीच्या गाडीवर पडणार. आणि त्यात आधी मरणार ते मिलीबगला खाणारे किडे, कारण त्यांच्या अंगावर मेण नाही. म्हणजे पोलीस मेले आणि चोर वाचला.

द्राक्षवाले काय करतात? खोडाची सुटी साल काढतात, मुंग्यांचा रस्ता बंद करतात, फार झालं तर साबणाचं पाणी किंवा निंबोळी अर्क, दमट हवेत व्हर्टिसिलियम नावाची उपयोगी बुरशी. आणि क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा सोडतात. हाही ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला होता. सव्वाशे वर्षांचा जुना नोकर. याची एक गंमत लक्षात ठेवा. या भुंगेऱ्याची अळी दिसायला अगदी मिलीबगसारखीच असते, पांढऱ्या झालरींची, फक्त आकाराने मोठी आणि चपळ. माणसं तिलाच कीड समजून चिरडतात. आमच्या डहाळीवर अशा दोन अळ्या होत्या. काकांनी त्या हळूच परत झाडावर सोडल्या.

झाड आधी आपणच आजारी पाडलं

पण एक प्रश्न मला सोडत नव्हता. सगळीच झाडं का मरत नाहीत? त्याच रस्त्यावर मैदानाच्या कडेचा वर्षावृक्ष हिरवागार आणि आमच्या गेटचा वाळका, असं का?

खाली पाहिलं तेव्हा उत्तर मिळालं. मैदानाकडच्या झाडाच्या बुंध्याभोवती माती आहे. आमच्या झाडाच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा कठडा अगदी गळ्यापर्यंत आलाय. एका बाजूने गटाराचं काम झालं तेव्हा मुळं कापली. दुसऱ्या बाजूने केबलसाठी खड्डा. बुंध्याला आमच्याच सोसायटीच्या बोर्डाचे चार खिळे. पाऊस पडतो तो फरशीवरून गटारात जातो, मुळाला थेंब नाही. अशा तहानलेल्या झाडाला किडीशी लढायला ताकद कुठून येणार? डेंग्यूचा डास सगळ्यांनाच चावतो, पण उपाशी माणूस आधी आडवा होतो.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात आदेश दिला होता, की झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंट काढून मोकळी करा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यासाठी लवाद लागत नाही. तो त्याला आळं म्हणतो. शहरात आलो आणि आळं हा शब्दच विसरलो. पार बांधणारे आपण, झाडाच्या गळ्याला कठडा बांधायला शिकलो.

दारात बसलेलं शहर

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, एका झाडासाठी एवढं? तर ऐका, आपण कुठे राहतो ते.

26 मे 1989 रोजी न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. देशात कंटेनरने येणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा आपल्या उरण-पनवेलच्या रस्त्याने जातो. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये रोज देशभरातून भाजी, फळं, आणि परदेशातूनही फळं येतात. म्हणजे आपण देशाच्या दारात बसलोय. 1914 चा किडींबद्दलचा कायदा आहे, 2003 चा आयातीचा आदेश आहे, बंदरावर तपासणी आहे. लाकडी खोकी 56 अंशांवर अर्धा तास तापवून किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया करूनच पाठवायची असा जागतिक नियम आहे, खोक्यावर तसा शिक्का असतो. पण दाराला कितीही कडी लावा, एखादी मुंगी आत येतेच.

अमेरिकेत काय झालं ते बघा. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि 1998 मध्ये शिकागोत, चीनहून आलेल्या लाकडी खोक्यांतून एक लांब मिशांचा भुंगेरा घुसला. झाडाच्या खोडात भोकं पाडणारा. दोन्हीकडे तो आधी दिसला तो साध्या राहणाऱ्या माणसांना. शिकागोने दीड हजारांहून जास्त झाडं तोडली, आजूबाजूची हजारो तपासली, आणि 2008 मध्ये शहर त्या किडीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. लवकर दिसली म्हणून जमलं.

आणि उशिरा दिसली तर? 2002 मध्ये डेट्रॉईटजवळ ॲश झाडांवर एक हिरवा भुंगेरा सापडला. तो बरीच वर्षं आधीच आलेला होता. त्याने आतापर्यंत कोट्यवधी झाडं मारली. दुःखाची गोष्ट अशी, की तिथल्या कित्येक रस्त्यांवर ॲशच्या रांगा होत्या कारण त्याआधी तिथली एल्मची झाडं दुसऱ्या रोगाने गेली होती. एक पीक मेलं म्हणून दुसरं एक पीक लावलं.

1990 मध्ये फ्रँक सांतामूर या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञाने एक साधा हिशोब सांगितला होता. शहरात एका जातीची झाडं शंभरात 10 पेक्षा जास्त नकोत, एका वंशाची 20 पेक्षा जास्त नकोत, एका कुळाची 30 पेक्षा जास्त नकोत. आपल्या 95 गावांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांच्या पारावर आणि बांधावर ते होतंच.

'परदेशी आहे, मरू दे'

काही निसर्गप्रेमी मित्र मला म्हणाले, वर्षावृक्ष परदेशी आहे, पक्ष्यांना फार उपयोगाचा नाही, वाऱ्यात पडतो. गेला तर बरंच, देशी लावू.

देशी लावाच. जिथे नवीन लावाल तिथे करंज, कदंब, बकुळ, भेंडी, कांचन, ताम्हण लावा. ताम्हण तर आपलं राज्यफूल. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सावली मारून हातभर रोप लावलं म्हणजे हिशोब चुकता झाला, असं समजू नका. आपल्या राज्याचा 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात बदल झाला. 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' धरलं जातं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावावी लागतात. कायद्यालाही पटलंय की जुन्या झाडाची किंमत एका रोपात होत नाही.

आता गणित करा. ठाणे खाडीवरचा पहिला पूल 1973 चा. वाशीची पहिली वस्ती त्याच सुमाराची. तेव्हा आणि त्यानंतर लावलेली झाडं आता पन्नाशीला टेकलीत. या शहराचा पहिला वारसा म्हणजे किल्ला नाही, राजवाडा नाही, ही झाडं आहेत. आणि ती वारशात जमा व्हायच्या वयातच आपण 'धोकादायक' म्हणून त्यांचे अर्ज भरतोय.

इथे माझी एक कबुली. बरीच वर्षं आधी, पावसाळ्यात एक झाड कोसळलं होतं. मी चार ओळींची बातमी केली : झाड कोसळले, दोन गाड्यांचे नुकसान, सुदैवाने जीवितहानी नाही. ते झाड वर्षभर वाळत होतं. खालचे दुकानदार मला सांगत होते की इथे गाडी लावू नका, चिकट पडतं. मी ते ऐकलं आणि गाडी दुसरीकडे लावली. बातमी तिथेच होती, मी ती लिहिली नाही. मेल्यावर लिहिली.

आता काय करायचं

मोठं काही नाही. पारावरची दहा माणसं जे करायची तेच.

एक. गाडीवर चिकट पडलं, फरशी काळी झाली, झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तर वर बघा. बेचक्यात कापूस दिसतो का? फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. ही कीड उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत वाढते, म्हणून फेब्रुवारीपासूनच नजर ठेवा.

दोन. बुंध्याभोवतीचं सिमेंट काढून आळं करा. निदान एक मीटर. खिळे, तारा, लायटिंगच्या माळा काढा. उन्हाळ्यात आठवड्याला पाणी द्या, टँकरचं किंवा प्रक्रिया केलेलं चालेल.

तीन. कीड लागलेली फांदी छाटायची तर रीतसर परवानगी घ्या, छाटणीलाही ती लागते. आणि छाटलेला पाला उघड्या टेम्पोतून गावभर फिरवू नका. तिथेच बांधून झाकून न्या.

चार. मनाने औषध मारू नका. कृषी खात्यातले, विद्यापीठातले कीटक ओळखणारे लोक आहेत. आधी किडीचं नाव कळू द्या, मग उपाय.

पाच. झाड तोडण्याची नोटीस बुंध्यावर लागली की वाचा. हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. 'वाळलंय' एवढंच लिहिलं असेल तर विचारा, का वाळलं? शेजारच्या झाडाचं काय?

सहा. वृक्षगणना होईल तेव्हा नुसती झाडं मोजू नका असं सांगा. कुठल्या जातीची किती, कुठल्या वयाची किती, आजारी किती, हे वॉर्डनिहाय लोकांपुढे यायला हवं. नवीन लागवडीत एकच जात पुन्हा रांगेने लागत असेल तर नगरसेवकाला फोन करा.

आमच्या झाडाचं सांगतो. अर्ज सध्या थांबवलाय. दोन वाळक्या फांद्या परवानगीने उतरवल्या. पेव्हर ब्लॉक उखडून आळं केलं, त्यात पहिल्या दिवशी मुलांनीच बादल्या ओतल्या. पहिल्या पावसाने बराच कापूस धुऊन गेला. काका म्हणतात, लगेच हुरळू नका, खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. झाड वाचेल की नाही हे मी आज लिहू शकत नाही. एवढं मात्र नक्की, की या वेळी मेलं तर का मेलं ते आम्हाला माहीत असेल, आणि शेजारच्या सात झाडांकडे आम्ही त्याआधी बघितलेलं असेल.

तुमच्या सेक्टरमधल्या वर्षावृक्षाची काय स्थिती आहे? फोटो आणि जागा कमेंटमध्ये टाका. निदान शंभर झाडांची यादी झाली तरी मी ती घेऊन संबंधितांकडे जातो, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच लिहितो.

#नवीमुंबई #वर्षावृक्ष #आपलंझाड